पाठीवर एकशे सत्तावीस

हायातो नारुमीच्या घरात तीन पिढ्या मुत्सूच्या खाडीत शिंपल्यांची शेती करत आल्या होत्या. चौथ्या पिढीत हा निपजला बेसबॉलचा पिचर, चेंडू फेकणारा. हिवाळ्यात मैदान बर्फाखाली गेलं की गमबूट घालून बर्फात धावायचा आणि उन्हाळ्यात सामन्यामागून सामना एकट्याच्या हातावर ओढायचा. शाळा प्रांताच्या अंतिम सामन्यात हरली, तरी व्यावसायिक संघांची माणसं वेग मोजायचं यंत्र घेऊन जाळीमागे बसू लागली.

त्याच्या बापाचं, योशिकात्सुचं, एकच म्हणणं होतं.

"संघांच्या मुख्य निवडीत नाव आलं तर खुशाल जा. शिकाऊ म्हणून घेतलं तर मुकाट्यानं होडीवर यायचं. पाठीवर तीन आकडी नंबर, वरच्या संघात खेळायची बंदी, आणि तीन वर्षांनी हातात नारळ."

हायातोनं मान डोलावली. सतराव्या वर्षी स्वतःला शिकाऊ कोण समजतो?

निवडीच्या दिवशी शाळेच्या सभागृहात सोनेरी पडदा लावला होता. पत्रकार आले होते, मित्र त्याला हवेत उडवायला बाह्या सरसावून बसले होते. टीव्हीवर एकेक नाव येत गेलं आणि निवड संपली. हायातोचं नाव आलंच नाही. मुख्याध्यापकांनी जणू शाळेनं चोरी केल्यासारखी पत्रकारांपुढे कंबरेत वाकून माफी मागितली, टीव्ही बंद केला. हायातो मैदानावर जाऊन माती सारखी करू लागला.

मुख्य निवडीनंतर शिकाऊंची निवड सुरू होते, याचं भान त्या शरमेच्या गडबडीत कुणालाच राहिलं नाही. थोड्या वेळानं प्रशिक्षक सोमा सर फोन हातात घेऊन धावत आले.

"घेतलं रे तुला! शिकाऊत, पण घेतलं!"

मैदानात होती तेवढ्या पोरांनी त्याला उडवलं. पोरं कमी पडली आणि गडी दाणकन आपटला.

घरी बाप शिंपले उघडत बसला होता.

"ठरलं होतं ना आपलं?"

"हो."

"मग?"

"मी जाणार, बाबा."

"जा. पण होडीत तुझी जागा राखून ठेवणार नाही."

त्यानंतर बाप त्याच्याशी बोलला नाही. घरी फोन केला की आईच बोलायची.

तोक्योजवळच्या मैदानावर, पायऱ्यांवर बसलेल्या चार निवृत्त म्हाताऱ्यांसमोर, हायातो खालच्या संघातून एकशे सत्तावीस नंबर घालून खेळला. दुसरं वर्ष खांद्याच्या दुखण्यात गेलं. तिसऱ्या वर्षी जुलै संपत आला असताना संघाच्या कचेरीतून निरोप आला, कोट घालून ये. आता नारळच, असं समजून त्यानं टाय बांधला. आत गेल्यावर त्याच्यापुढे नवा शर्ट ठेवला गेला. नंबर दोन आकडी, चौसष्ट.

त्यानं घरी फोन लावला. आईनं ऐकलं आणि फोन बापाच्या हातात कोंबला.

"कितवा?" बापानं विचारलं.

"चौसष्ट."

"हं. तीन आकडी बरा होता. वरच्या पायरीवरूनसुद्धा दिसायचा."

"कुठल्या पायरीवरून, बाबा?"

"पायरी म्हणजे पायरी. तिथं सावली असते. मागच्या महिन्यात खांदा खाली पडत होता तुझा. आता नाही ना दुखत?"

हायातोला रडू फुटलं.

"रडतोस काय, येड्या! आता तुझ्यापायी तिकीट काढावं लागणार मला. तिथं फुकट बसू द्यायचे."