अप्पांच्या गाडीखालचा डाग

माझा स्वभाव संशयी आहे आणि तो मी अप्पांकडून, म्हणजे वडिलांकडून, जसाच्या तसा उचललाय. दुकानदार पिशवीत कांदे भरायला लागला की आम्हा बापलेकांची नजर कांद्यांवर नसते, त्याच्या हातावर असते. त्यामुळे अंगणातल्या शहाबादी फरशीवर, अप्पांच्या जुन्या मोटारसायकलखाली, तेलाचा काळा डाग दिसला तेव्हा आम्ही दोघांनीही आधी इंजिनाकडे पाहिलं नाही. एकमेकांकडे पाहिलं.

त्याला कारण होतं. सुगीत आमच्या शिरूर अनंतपाळकडे लोक डांबरी रस्त्यावरच सोयाबीन वाळत घालतात. अर्धा रस्ता सोयाबीनचा, अर्धा गाड्यांचा. अप्पा शेतावरून येताना थेट त्या सोयाबीनमध्ये घुसले आणि घसरून पडले. कडेनं दगड मांडलेले होते, काठीला लाल फडकं होतं. "ऊन डोळ्यावर आलं," असं म्हणाले. त्या वेळी ऊन त्यांच्या पाठीवर असणार, हे मी लगेच मनात मोजलं. गुडघ्याला मार बसला, एवढ्यावर निभावलं. पण नांदेडला नोकरी करणाऱ्या माझ्या थोरल्या भावानं फोनवरून फर्मान सोडलं, अप्पांची गाडी बंद करा. माय लगेच हो म्हणाली. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. अप्पांना या खलबताचा वास लागलाच.

गाडी गेली की शेत गेलं, असा त्यांचा साधा हिशोब. आमच्या शिवाराकडे बस जात नाही, आणि कुणाच्या मागे बसून स्वतःच्या शेतात जायचं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुणा म्हणून जायचं.

"इंजिन गळून राहिलंय," मी म्हणालो.

"कालपस्तोर तर गळत नव्हतं. कुणी काई ढिलं केलं का ते बघ."

कुणी म्हणजे मी, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. मला राग आला. गळती मीच काढून दाखवतो म्हटलं.

रविवारी अंगणात पोतं अंथरलं. डिझेलनं इंजिन धुतलं, फडक्यानं कोरडं केलं आणि मायच्या डब्यातली तोंडाला लावायची पावडर त्यावर भुरभुरली. गाडी चालू ठेवली की तेल कुठून येतं ते पावडर दाखवते. अप्पा खुर्ची टाकून समोरच बसले. मदतीला नव्हे, पाळतीवर. मी पाना बदलला की विचारायचे, "आता ह्यो कशाला?"

उजव्या बाजूच्या झाकणाच्या सांध्यावर पावडर काळी पडली. चोर सापडला म्हणून मी खूश. आधी इंजिनातलं तेल काढलं तर डबा काठोकाठ भरला. गळक्या इंजिनात इतकं तेल उरलंच कसं, हे माझ्यासारख्याच्या तरी डोक्यात यायला हवं होतं, पण माझा सगळा संशय माणसांवरच खर्च झाला होता. सांध्यातून तेल झिरपू न देणारं जुनं गॅस्केट ब्लेडनं खरवडलं, नवं बसवलं, बोल्ट आवळले, नवीन तेल मापानं ओतलं. दोन-चार दिवस फरशी कोरडी राहिली. मग पुन्हा डाग.

मी आधी गॅस्केटवाल्याशी भांडून आलो. मग मायवर नजर ठेवली, कारण गाडी बंद पडावी असं घरात तिलाच सगळ्यात जास्त वाटत होतं. शेवटी वाटलं, अप्पाच मला खोटं पाडायला काही करत असतील. सकाळी ते अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून अंगणात आले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होतो. चहा गाळता गाळता माय म्हणाली, "बापावर पाळत ठिवून राहिला का रे?" मी तिला गप्प केलं.

अप्पांनी तेलाचा डबा आणला. गाडी साईड स्टँडवर कललेली होती, ती सरळ करायला पडल्यापासून त्यांचा गुडघा साथ देत नाही. त्यांनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली, धोतराला पुसली, पुन्हा आत बुडवून काढली. कललेल्या गाडीत तेल पलीकडे सरकतं, पट्टी कोरडीच निघणार. त्यांनी तेल ओतलं. सगळा उलगडा झाला. विहिरीवरचं डिझेल इंजिन होतं तेव्हा हँडल मारण्याआधी ते रोज असंच तेल घालायचे. इंजिन उपाशी चालवायचं नाही, हा त्यांचा नेम. तोच नेम ते मोटारसायकलीला लावत होते, आणि पोट फुगलेलं इंजिन जागा मिळेल तिथून तेल बाहेर टाकत होतं.

मला हसू आलं. पण ते टिकलं नाही. अप्पा पट्टी डोळ्यांसमोर धरतच नव्हते. अंगठा पट्टीवरून ओढत होते, ओल कुठवर लागते ते चाचपून बघत होते.

मी बाहेर गेलो. "अप्पा, पट्टीवरच्या खुणा दिसतेत का तुमाला?"

ते दचकले. डबा खाली ठेवला. "तू इंजिनाचं बघ. डोळ्याचं कामून काढून राहिलास?"

इतका वेळ शोधत होतो ते सापडलं होतं आणि ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटत होतं. अप्पाच हळू आवाजात म्हणाले, "नांदेडला फोन लावू नको."

"नांदेडला काय सांगायचंय? गॅस्केट डुप्लिकेट निघालं. लातूरला जाऊन चांगलं आणू. तुमी बी चला."

"गॅस्केट आणायला दोन माणसं कशाला?"

"दुकानदार फसवतेत. तुमची नजर पाहिजे." बोलून गेलो आणि जीभ चावली. पण अप्पांनी टोपी घातली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले.

लातुरात शिरल्यावर सुट्या भागांच्या दुकानांची रांग लागली. मी स्कूटर हळू केली नाही. कुठल्या चौकात, कुठल्या शब्दांत सांगायचं, ते मनात जुळवत होतो.

"दुकानं मागं राहिली," पाठीमागून आवाज आला. "तेवढं दिसतंय मला."

मी स्कूटर कडेला घेतली. अप्पांनी माझा खांदा धरला होता.

"डोळ्याच्या डॉक्टरकडंच चालवलंस ना? मग चल," ते म्हणाले. "आत मातर माझ्यासंगं ये."