पोराच्या घशातला काटा

आमच्या पोराचा श्वास जन्मापासूनच घरघरायचा. ऐंशीनंतरची ती वर्षं. नवरा आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन सुट्टीवर आला होता. पोर दहा महिन्यांचं. मी त्याला भाताबरोबर सौंदाळा माशाचा तुकडा नीट काटे काढून भरवला आणि ते काळंनिळं पडलं. सासूने त्याला उलटं धरलं, पाठीत बुक्के घातले, घशात बोटं कोंबली. बोटांना रक्त लागलं, काटा काही आला नाही.

"हिनं पोराच्या घशात काटा घातलान!" सासू ओरडली. नवऱ्याने अशी कानाखाली काढली की मी चुलीजवळ जाऊन पडले. त्या दिवसापासून पोराला भरवायची मला बंदी. काटा खाली ढकलायचा म्हणून सासू त्याच्या तोंडात सुका भात कोंबायची. पोर गुदमरायचं आणि मार मी खायचे. आजही आठवलं की माझ्या मुठी वळतात.

पोर निपचित पडायला लागलं तेव्हा कुठे रत्नागिरीत एक्स-रे काढायला नेलं. डॉक्टरांनी त्याला खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध पाजलं आणि ते घशातून उतरताना फोटो काढले, एक बाजूने, एक समोरून.

"काटा कुठाय तो दाखवा आमाला," नवरा म्हणाला.

"काटा नाहीच," म्हणत डॉक्टरांनी बाजूचा फोटो उजेडावर धरला. औषधाची पांढरी रेघ मागून खोल दबली होती. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी उजवीकडून वळली आणि तिची फांदी अन्ननलिकेमागून गेली, तरी असंच दिसतं, म्हणून त्यांनी समोरचा फोटो पुन्हा निरखला. तिथे रेघ दोन्ही बाजूंनी चेपलेली. म्हणजे ती वाहिनीच बहुतेक दुहेरी होती, श्वासनळी आणि अन्ननलिकेला घट्ट बांगडीसारखी आवळून बसलेली. जन्मतःच. मुंबईला नेऊन ती सोडवली नाही तर पोर हातचं जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"म्हंजे हिच्या पोटातच खोट," सासू म्हणाली. नवऱ्याचा हात उठला. मी तो मनगटाशी पकडला आणि कचकन चावले. तो किंचाळला तरी सोडला नाही. खरं सांगते, फार बरं वाटलं.

"भांडणं नंतर, आधी मुंबईची गाडी बघा," डॉक्टर ओरडले.

त्याच दिवशी आम्ही एसटीत बसलो. मुंबईत रक्तात रंग सोडून पुन्हा फोटो काढले. वाहिनी दुहेरीच होती आणि डावा फाटा बारीक निघाला. तो कापून ती बांगडी मोकळी केली.

घरी परतल्यावर काही आठवड्यांनी सौंदाळा शिजला. सासूने काटे काढून वाटी भरली आणि पोराला घ्यायला हात पुढे केले. मी दिलं नाही. माझ्या ताटातला तुकडा बोटांनी चाचपला, भातात कुस्करला आणि भरवला. नवरा आणि सासू माझ्या हाताकडे बघत बसले होते. पोराने घास गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.