अकरा साहेब, एक करंगळी

वसाहतीतले गोरे साहेब चित्रकारापुढे बसायचे ते फक्त चेहऱ्यापुरते, अर्धा तास. मग त्यांचा कोट चढवून दिवसभर बसायचा चित्रकाराचा मेहुणा, वाकड्या करंगळीचा शिंपी. पायाला भिंगरी लावलेला माणूस! "दाजी, हलू नका!" चित्रकार सारखा ओरडायचा.

शिंपी वारला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. बायकोला चैन पडेना. तडक सभागृहात शिरून ती साहेबांच्या तसबिरींखाली येरझारा घालू लागली.

पहारेकरी वैतागला. "आजी, कोणते साहेब हवेत?"

"साहेब गेले उडत! अकराही जणांची करंगळी वाकडी आहे ना? तो माझा नवरा आहे. जन्मात पहिल्यांदा एका जागी सापडलाय, बघू दे जरा."