सकाळी आवळलेला नट

कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, जिना उतरायचा आणि निम्म्यातून परत वर येऊन चौथ्यांदा ओढायचं, हा मिस्त्रींचा रोजचा नेम. बायको म्हणायची, "एक दिवस ते कुलूपच रुसेल तुमच्यावर." जिन्याखालच्या दुकानात एकतीस वर्षं सायकली दुरुस्त करून त्यांचा हात पक्का झाला होता, मन मात्र कायम धास्तावलेलं.

असे हे मिस्त्री अठ्ठावन्नाव्या वर्षी वाळवंटातल्या नऊ दिवसांच्या सायकल सहलीला निघाले, ते केवळ लेकीने बॅग भरून हातात दिली म्हणून. एकवीस सायकली, सामानाचा एक टेम्पो, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसलेले मिस्त्री.

पाचव्या दिवशी निघायच्या गडबडीत बाई त्यांच्याकडे आल्या. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, सगळ्यांत वयस्कर. "मिस्त्री, हँडल जरा डगडगतंय हो." मिस्त्रींनी पाना लावला. तेवढ्यात कुणीतरी पंप मागितला, दुसऱ्याची चेन उतरली, आणि मान वर करेपर्यंत बाई निघूनही गेल्या होत्या.

ऊन फार म्हणून त्या दिवशी सहल नेणाऱ्या तरुण कप्तानाने टेम्पो पुढे पाठवला, थांब्यावर ताडपत्री बांधून ठेवायला. अकराच्या सुमारास एकेक जण घामाने निथळत येऊ लागला. मिस्त्रींनी सायकली मोजल्या. वीस. पुन्हा मोजल्या. वीसच.

"कप्तान, बाई कुठायत?"

"येतील हो मिस्त्रीकाका, सावकाश येतात त्या."

शेवटी आलेला म्हणाला, "मोठ्या वळणापर्यंत होत्या माझ्या मागे. नंतर मी काही वळून पाहिलं नाही."

फोनला रेंज नव्हती. अर्धा तास गेला. रस्त्यावर नुसती वाफ हलत होती. मिस्त्री सकाळचं ते हँडल आठवू लागले. नट पुरता आवळला होता का? पाना फिरवल्याचं आठवत होतं, शेवटचा पीळ दिल्याचं आठवत नव्हतं. उतारावर हँडल फिरलं आणि चाक फिरलंच नाही तर?

"कप्तान," ते जवळ जाऊन म्हणाले, "मी नट नीट आवळला की नाही, मला खरंच आठवत नाही."

कप्तानाने ड्रायव्हरला हाक मारली. मग म्हणाला, "चला, टेम्पोत बसा." टेम्पोच्या मागच्या भागात एक सायकलही टाकली.

मोठं वळण अठरा किलोमीटर मागे होतं. तिथवर रस्ता रिकामा. "गेल्या कुठे?" ड्रायव्हर पुटपुटला. मिस्त्री खाली उतरले. "मी इथून सायकलवरून थांब्याकडे परत जातो. तुम्ही हळू मागून या. टेम्पोतून रस्त्याची कड दिसत नाही." किती वर्षांनी ते इतकं अंतर सायकल चालवत होते, पण पाय दुखताहेत हे त्यांना कळतही नव्हतं. नजर डाव्या कडेवरून हलत नव्हती.

सातव्या किलोमीटरला डांबर सोडून वाळूत उतरलेली चाकाची खूण दिसली. चौकडीची नक्षी. तो टायर परवाच त्यांनी बाईंच्या सायकलला चढवला होता. खूण खाली रस्त्याखालच्या मोरीत गेली होती. आत सायकल, आणि पिशवीवर डोकं टेकून पडलेल्या बाई. चेहरा लाल, ओठ फुटलेले.

"बाई!"

डोळे उघडले. "केवढा उशीर," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "वरून टेम्पो गेलेला ऐकला. हाक मारायला घसाच नव्हता."

कप्तान घोटघोट पाणी पाजू लागला, ड्रायव्हरने ओला टॉवेल मानेवर ठेवला. आणि मिस्त्रींनी काय करावं? पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सगळ्या ताकदीनिशी पिळलं. तसूभर हललं नाही. ते तिथेच वाळूत बसले आणि ढसाढसा रडले.

"माझ्याआधी सायकलची चौकशी?" बाई म्हणाल्या. मिस्त्रींनी ओशाळून सगळं सांगितलं.

"नट घट्टच होता हो," बाई हळूच म्हणाल्या. कप्तान टेम्पोतून आणखी पाणी आणायला गेला होता. "मी सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते, गरगरायला लागलं तेव्हा सावलीला इथे शिरले. प्यायलं की उतरावं लागतं, आणि मैलोन्‌मैल कुठे आडोसा नाही. आपल्यातल्या सगळ्या बायका हेच करतात. पण हे त्या पोराला सांगणार कोण?"

बाईंना पुढच्या गावच्या दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरांनी एक दिवस ठेवून घेतलं, सायकल मात्र सहल संपेपर्यंत बंद. मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी ताडपत्रीचा तुकडा कापला, चार नळ्या जोडल्या आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला उघडमिट करता येईल असा आडोसा उभा केला. कप्तानाला म्हणाले, "उद्यापासून टेम्पो सगळ्यांच्या मागे. आणि दर दहा किलोमीटरला थांबायचं. कारण विचारू नका."

कप्तानाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आतच पाण्याचे कॅन रिकामे झाले, आणि ड्रायव्हर कुरकुरत ते भरून आणायला गेला.