गोदाबाईंच्या चपला

विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर पाय ठेवला, तोच तापल्या रबराचा वास आला आणि खामगावची जिनिंग गिरणी आठवली. तिथं कापूस वाहायला नवा पट्टा बसवला होता. तो वजन पेलतो का, हे पाहायला मिस्त्रीनं माझ्या थोरल्या जावेला, गोदाबाईंना, वर उभं केलं. त्यांनी आधी चपला काढल्या.

"चपला काऊन काढल्या, बाई?" मिस्त्रीनं विचारलं.

"याच्यावरून कापसाची लक्ष्मी जाईन. चपलीनं कशी चढू?"

पट्टा हलला. रोज डोक्यावर टोपल्या वाहणारी ती बाई न चालता पुढे निघाली, पोरीसारखी हसत. मी त्यांच्या चपला घेऊन बाजूनं धावले.

"काऊन धावून राह्यली वं? मी थांबते ना तिकडं!"

आज माझ्याच चपला केव्हा हातात आल्या, कळलं नाही. पट्टा संपत आलाय. तिकडं कोणीच थांबलेलं नाही.