यादीतली ‘अगं’

पक्षाघातानंतर बाबांची वाचा गेली. पोलोग्राउंडच्या कारखान्यात जन्मभर कामगारांची हजेरी मांडलेला माणूस, पण आता अक्षरं जुळवायला गेले की गोंधळायचे. समोर लिहिलेलं मात्र ओळखायचे, आणि डाव्या हाताचं एक बोट नीट चालायचं. मी पोटापाण्यासाठी वेबसाइटचे फॉर्म बनवते. म्हणून त्यांच्यासाठी टॅब्लेटवर दोन ड्रॉपडाउन, म्हणजे बोट लावलं की खाली उघडणारे मेनू, बनवले. पहिल्यात माणूस निवडायचा, की दुसऱ्यात त्याला सांगायच्या गोष्टी उघडायच्या. त्यातली एक निवडली की टॅब्लेट मोठ्याने बोलायचा.

कोड फंक्शनल पद्धतीने लिहिला. या पद्धतीचं सोवळं कडक असतं: मूळ यादीला हात लावायचा नाही. फंक्शनने, म्हणजे कोडच्या छोट्या तुकड्याने, तिच्यातून नको ते गाळून दरवेळी नवी यादी द्यायची. ऑफिसात यावरून मी सगळ्यांशी भांडते.

यादीत मी होते, डॉक्टर होते, शेजारचे काका होते आणि आई. बाबांनी आईला कधी नावाने हाक मारली नाही, म्हणून तिच्या जागी मी ‘अगं’ लिहिलं. पहिल्यांदा टॅब्लेटने हाक मारली तेव्हा आई चक्क लाजली.

"चल, बढिया झालं," ती म्हणाली. "आता पलंगावर टकटक करून बोलवायची झंझट नाही."

मागच्या हिवाळ्यात चार दिवसांच्या तापाने आई गेली. तेराव्यानंतर मी एक फंक्शन वाढवलं, ‘अगं’ गाळून बाकीची यादी दाखवणारं. एका ओळीचं काम. बाबांना त्रास नको, असं माझं मीच ठरवलं. त्यांना विचारलंसुद्धा नाही. नको तिथे शहाणपणा करायची माझी जुनी खोड.

मग बाबा मेनू उघडायचे, बोट खाली न्यायचे, वर आणायचे आणि बंद करायचे. निवडायचे काहीच नाहीत. मी दोन दिवस कोडमध्ये चूक शोधली, काच पुसली. तिसऱ्या दिवशी दुपारी डोक्यात प्रकाश पडला, तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मूळ यादी शाबूत होतीच. ‘अगं’ गाळणारी ती ओळ मी खोडली. बाबांनी लगेच ‘अगं’ निवडलं आणि दुसरा मेनू उघडला. चहा दे. औषध दे. पंखा कमी कर. चष्मा कुठे आहे. त्यांनी सगळं वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एवढ्या वर्षांच्या संसारात बाबांना आईशी एवढंच बोलायचं असणार, असं मी धरून चालले होते. मला फार लाज वाटली.

"बाबा, काय म्हणायचंय? मी लिहिते ना. आठवण येते, असं लिहू?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"माफ कर?"

नाही.

"जेवलीस का?"

नाही. मला रडू यायला लागलं, त्यांनाही. शेवटी थकून त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"अगं, चहा दे," टॅब्लेट खणखणीत आवाजात म्हणाला, आणि आम्ही दोघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.