मनकर्णाबाईंचा कुलर

सेलूच्या मनकर्णाबाईंच्या कुलरला कुणी हात लावायची सोय नव्हती. अर्धा जन्म कापूस वेचण्यात अन् गोठा काढण्यात गेला, तेव्हा कुठं म्हातारपणी हे वाळ्याच्या गारव्याचं सुख मिळालं. जावई आला तरी कुलरचं तोंड बाईंकडेच. अशी बाई त्या उन्हाळ्यात स्वतःहून सुनेला म्हणाली, "नलू, माहा कुलर नेजो."

झालं असं. एकोणनव्वद साली नलूनं घराच्या पुढच्या खोलीत संगणकाचा वर्ग काढायचं घेतलं. ज्या पोरींना घरचे नागपूरला धाडत नव्हते, त्यांच्यासाठी. मुहूर्त आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. संगणक आला खरा, पण जुना. नवी ऑपरेटिंग सिस्टीम त्याला पेलवेना. नागपूरहून ओमप्रकाश मेकॅनिक आला, त्यानं मेमरी वाढवली, हार्ड डिस्क बसवली, मशीन चालू करून दाखवली. जाताना म्हणाला, "ताई, इतक्यानं भागत नाई. खोली थंडी पाह्यजे, अन् धूळ बिलकुल नको."

थंडीच ना, मग काळजी कशाची? बाईंनी कुलर ओढत आणला, काठोकाठ पाणी भरलं आणि मशीनच्या अगदी पाठीशी लावून दिला. दुपारभर तुषार उडत राहिले. आखाजीच्या आदल्या दिवशी नलूनं बटण दाबलं, तर पडदा काळा ठिक्कर.

तिनं नागपूरला फोन लावला. ओमप्रकाश म्हणाला, "ओल लागली असन. झाकण खोलून वाळू द्या. अन् तो कुलर पह्यले हटवा."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. उद्या पोरी येणार, आणि आपण मायेपोटी हे करून बसलो. नलू झाकण खोलून मशीन वाळवायला बसली. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि मागची बियाण्याची खोली उघडली. हातभर जाड मातीच्या भिंती, भर उन्हाळ्यात गार. तिथं चप्पल घालून पाऊल टाकायची कुणाची बिशाद नव्हती, मग धूळ येणार कुठून?

"इथं ठेव तिले," बाई म्हणाल्या.

आखाजीला सकाळी पोरी आल्या, दाराशी चपला काढून आत बसल्या. बाईंनी मनात सगळे देव आठवून घेतले. नलूनं बटण दाबलं. मशीन घुरघुरली, पडदा उजळला आणि त्यावर एक ओळ आली.

"काय म्हणून राह्यली?" बाईंनी विचारलं.

"आजची तारीख विचारते, आई. बंद केली का इसरते."

"मंग सांग ना तिले, आज आखाजी हाय."

पोरी खुदखुदल्या. नलूनं आकड्यांत तारीख टाकली, मशीन पुढं सरकली. "पाह्यलं? सांगतलं का ऐकते," बाई म्हणाल्या, आणि डोळे पदराला पुसले.

दुपारी नलूनं कुलर पुसून पुन्हा सासूच्या खोलीत लावला, बटण दाबलं, हाक मारली. बाई तिथं होत्याच कुठं? बियाण्याच्या खोलीत, पोरींच्या मागं, मांडी घालून बसल्या होत्या.